लहान मुलांना वर्गात अर्थशास्त्र कसं शिकवावं: आधी टंचाई, मग देवाणघेवाण, पैसा उशिरा

लहान मुलांना अर्थशास्त्र शिकवायचं ठरलं की बहुतेक शिक्षक खोट्या नोटा तयार करतात, टेबलावर दुकान मांडतात आणि एकाला दुकानदार करतात. मुलं रमतात, बेरीज-वजाबाकीचा सराव होतो, पण अर्थशास्त्र फारसं हाती लागत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पैसे दिले की वस्तू मिळते एवढं ठाऊक असतं. पण दुकानदार सुटे परत देतो ते पाहून त्या वयातल्या बऱ्याच मुलांना वाटतं, की दुकान ही पैसे मिळण्याची जागा आहे. दुकानदारानेही ती वस्तू कुठून तरी विकत आणली असेल आणि आपल्याला थोडी चढ्या भावाने विकली असेल, हे नीट उमगायला बहुतेकांना दहावं-अकरावं वर्ष उजाडतं. म्हणजे आपण ज्याला सोपी सुरुवात समजतो तो या विषयातला अवघड भाग आहे.

वस्तू मोजक्या आहेत आणि त्या हव्या असणारे जास्त आहेत, हा अनुभव मात्र प्रत्येक मुलाच्या ओळखीचा असतो. लायनेल रॉबिन्स या अर्थतज्ज्ञाने १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली ती याच अनुभवावर उभी आहे: माणसाच्या गरजा अनेक, साधनं मोजकी, आणि त्या साधनांचे उपयोगही अनेक. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये टंचाई आणि निवड आधी येते, मग देवाणघेवाण, आणि पैसा चौथ्या पायरीवर. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी हा क्रम चालतो. आठवड्याला एक पायरी घेतली तरी पुरे. क्रम मात्र मोडू नका.

सुरू करण्यापूर्वी

साहित्य साधंच लागतं: रंगखडू, मणी, बटणं, स्टिकर, कागदी पिशव्या, चिठ्ठ्या, कागद आणि स्टेपलर. तासाचे सरळ दोन भाग करा. अर्धा वेळ खेळ, अर्धा वेळ गोल बसून गप्पा. खेळ लांबतो आणि गप्पांना पाच मिनिटं उरतात, असं वारंवार होतं. तसं होऊ देऊ नका, कारण शिकणं मुख्यतः त्या गप्पांतच घडतं. दर वेळी तेच तीन प्रश्न विचारा. काय झालं? तू तसं का केलंस? नियम वेगळा असता तर काय केलं असतंस?

पारिभाषिक शब्द सगळ्यात शेवटी सांगा. मूल ज्या अनुभवातून नुकतंच गेलं आहे त्याला नाव मिळालं की ते लक्षात राहतं. आधी व्याख्या फळ्यावर लिहिली तर मुलं ती उतरवून घेतात आणि खेळाकडे निव्वळ बक्षीस म्हणून बघतात.

पायरी १: खडू कमी पडू द्या

वर्गात २४ मुलं असतील तर १५ रंगखडू ठेवा आणि प्रत्येकाला रंगीत चित्र काढायला सांगा. साहित्य सगळ्यांना पुरेल अशी तजवीज करण्याची शिक्षकांना सवय असते. इथे ती मुद्दाम बाजूला ठेवायची. कुरबुर सुरू झाली की एकच प्रश्न टाका: "आता कसे वाटायचे?"

जी उत्तरं येतील ती सगळी फळ्यावर लिहा. आधी येईल त्याला, चिठ्ठ्या टाकून, पाळीपाळीने, ज्याचं चित्र चांगलं त्याला, ज्याच्याकडे स्वतःचा खडू नाही त्याला, बाई ठरवतील तसं. यातल्या तीन पद्धती तीन वेगवेगळ्या दिवशी खरोखर वापरून बघा. दर वेळी कोणाचा फायदा झाला आणि कोण राहिलं, ते मुलांकडूनच काढून घ्या.

या पायरीवर घाई करू नका, कारण प्रत्येक नियम मुलांचं वागणं कसं बदलतो ते इथे डोळ्यांसमोर दिसतं. 'आधी येईल त्याला' ठरलं की बाकं ढकलली जातात आणि टेबलाजवळची मुलं दर वेळी जिंकतात. चिठ्ठीत पक्षपात होत नाही, पण ज्याला चित्र काढायचंच नाही त्याच्याही हाती खडू पडतो. पाळी लावली तर सगळ्यांना मिळतो, पण प्रत्येकाचा वेळ घटतो. मागच्या बाकावरची एक मुलगी पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परत आली आणि म्हणाली, "मग उद्या मी पुढेच बसणार." नियम बदलला की माणसं आपली चाल बदलतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. असं वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबा आणि सगळ्या वर्गासमोर ते पुन्हा म्हणायला सांगा.

अमुक पद्धत बरोबर, तमुक चूक असा निकाल तुम्ही देऊ नका. खडूंसाठी चिठ्ठी चालेल, पण एकाला लागलंय आणि मलमपट्टी एकच आहे, तर? हा प्रश्न विचारून बघा. वस्तू कोणती आहे त्यावर वाटपाची पद्धत ठरते, हे सात वर्षांच्या मुलांनाही समजतं.

पायरी २: काय सोडलं ते लिहा

तासाची शेवटची वीस मिनिटं मुलांच्या हाती द्या: गोष्ट, मैदान, चित्रकला किंवा कोडी. एकच निवडायचं. प्रत्येकाने कागदाच्या एका बाजूला पहिली पसंती लिहायची आणि दुसऱ्या बाजूला 'हे नसतं तर काय निवडलं असतं' ते. मग बहुमताने ठरेल ते खरोखर करा. निवड लुटुपुटूची असेल तर सोडण्याची हुरहुर लागत नाही, आणि ती हुरहुर हाच इथला धडा आहे.

कागद उलटून ती दुसरी बाजू वाचायला लावा. मैदानावर जाण्यासाठी जे सोडलं ती मैदानाची किंमत. याला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. इथे एक चूक नेहमी होते. सोडलेले सगळे पर्याय खर्चात धरले जातात. खर्च म्हणजे फक्त दुसऱ्या क्रमांकाची पसंती, कारण वीस मिनिटांत गोष्ट आणि चित्रकला आणि कोडी हे सगळं तसंही झालं नसतं.

पायरी ३: पिशव्यांची अदलाबदल

मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा खेळ हा. बाकीचं काहीच जमलं नाही तरी एवढा करा.

प्रत्येक मुलाला एक बंद कागदी पिशवी द्या. आत एक छोटी वस्तू: स्टिकर, मण्यांची माळ, पेन्सिल, खोडरबर, चेंडू, रंगीत क्लिप. कोणाला काय येईल ते नशिबावर सोडा. पिशवी उघडून प्रत्येकाने आपली वस्तू स्वतःला किती आवडली त्याचे एक ते दहा गुण कागदावर लिहायचे. सगळ्यांच्या गुणांची बेरीज फळ्यावर मांडा. समजा, ११२ आली.

आता फक्त आपल्या बाकावरच्या मुलांशी अदलाबदल करायची मुभा द्या. दोघांची मर्जी असेल तरच सौदा होईल, आणि नको म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पाच मिनिटांनी हातात जे आहे त्याला पुन्हा गुण द्यायला सांगा. बेरीज वाढलेली असते. मग पूर्ण वर्गभर अदलाबदल करू द्या. गुण तिसऱ्यांदा घ्या. बेरीज आणखी वर जाते. ११२ वरून १३५, मग १५८, असं काहीतरी.

आता फळ्याकडे बोट दाखवून विचारा: "मी एकही नवी वस्तू आणली नाही. मग हे जास्तीचे गुण आले कुठून?" त्यानंतर गप्प राहा. मुलांना हा प्रश्न खरंच कोडं वाटतो. कुणी म्हणेल बेरीज चुकली, तर ती पुन्हा करू द्या. हळूहळू कुणाच्या तरी लक्षात येतं: "त्याला चेंडू नको होता, मला हवा होता." वस्तू तीच असली तरी तिचं मोल माणसागणिक बदलतं, आणि राजीखुशीने झालेल्या सौद्यात दोघांचंही भलं होऊ शकतं. एकाला मिळालं म्हणजे दुसऱ्याचं गेलंच असणार, ही समजूत मोठ्या माणसांतही इतकी घट्ट असते की ती लहानपणीच सैल झालेली बरी. बाक आणि वर्ग यांतला फरकही विचारा. माणसं जितकी जास्त, तितकी मनाजोगता सौदा जमण्याची शक्यता जास्त.

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. काही मुलं हाती आलेली वस्तू सोडायलाच तयार नसतात, त्यांना आग्रह करू नका. जॅक नेच या अर्थतज्ज्ञाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचा मग दिला होता आणि दुसऱ्याला चॉकलेट. बदलून घ्यायची मुभा असूनही दोन्ही गटांतल्या सुमारे ९० टक्के जणांनी हातातलीच वस्तू ठेवली. आपल्याकडे आलेली गोष्ट जास्त मोलाची वाटते, हा मोठ्यांचाही स्वभाव आहे. दुसरं, सौदा करून पस्तावणारं एखादं मूल असतं. सौदा रद्द करू नका, पण गप्पांत त्याला बोलू द्या. पुढच्या वेळी आधी काय विचारशील? एवढा प्रश्न पुरतो. तिसरं, ज्याच्या पिशवीत कुणालाच नको असलेली वस्तू आली त्याला अदलाबदलीतूनही फारसं काही मिळत नाही. हे झाकू नका. सौदे न्यायाने झाले तरी सुरुवात सगळ्यांची सारखी नव्हती, हे मुलांनी स्वतः पाहिलेलं असतं आणि ते उघडपणे बोललंच पाहिजे.

पायरी ४: आता पैसा

सहा मुलांना गोलात उभं करा. प्रत्येकाला एक रंगीत कार्ड आणि एक चिठ्ठी द्या. पहिल्याकडे लाल कार्ड आणि चिठ्ठीत 'निळं हवं'. दुसऱ्याकडे निळं, हवं हिरवं. तिसऱ्याकडे हिरवं, हवं पिवळं. चौथ्याकडे पिवळं, हवं पांढरं. पाचव्याकडे पांढरं, हवं जांभळं. सहाव्याकडे जांभळं, आणि त्याला हवं लाल. नियम एकच: जे हवं आहे तेच घ्यायचं, दुसरं काही घ्यायचं नाही.

मुलं एकमेकांकडे जातात, विचारतात आणि अडतात. "तुला माझं नको, आणि ज्याला माझं हवंय त्याच्याकडे मला हवं ते नाही." कोणत्याही दोघांचं जमतच नाही. वस्तुविनिमयातली ही मूळ अडचण: मला हवं ते तुझ्याकडे आणि तुला हवं ते माझ्याकडे, असा दुहेरी मेळ बसावा लागतो.

पुरेसं अडू दिल्यावर पहिल्या मुलाच्या हातात एक बटण ठेवा आणि जाहीर करा, की बटण सगळे घेतील. तो बटण देऊन निळं कार्ड घेतो. निळ्याचा मालक तेच बटण देऊन हिरवं घेतो. बटण असंच पुढे सरकत जातं, आणि शेवटी सहावा मुलगा ते पहिल्यालाच देऊन लाल कार्ड नेतो. सहा सौदे झाले, सगळ्यांना हवं ते मिळालं आणि बटण जिथून निघालं तिथे परत आलं. हे बघताना मुलांचे चेहरे बघा. ते बटण कुणालाच खायला, घालायला किंवा खेळायला नको होतं. पुढचा माणूस घेईल या भरवशावर प्रत्येकाने ते घेतलं. पैसा म्हणजे काय हे यापेक्षा उघड करून दाखवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

मग विचारा, बटणाऐवजी झाडाचं पान चाललं असतं का? खडूचा तुकडा? मोठा दगड? पान बाहेर जाऊन कुणीही तोडून आणेल, खडू झिजतो, दगड उचलवत नाही. चलन टिकाऊ हवं, नेण्याजोगं हवं आणि सहज वाटेल तितकं मिळणारं नसावं, ही यादी मुलं स्वतःच करतात. शिक्षकाने आपल्या माहितीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या छावणीत राहिलेल्या रॅडफर्ड या अर्थतज्ज्ञाने १९४५ साली लिहिलं, की तिथे कुणीही फर्मान न काढता सिगारेटी चलन म्हणून वापरल्या जात होत्या, अगदी त्या न ओढणारेही घेत होते. मुलांना हे उदाहरण द्यायचं नाही, पण सगळ्यांचा स्वीकार हेच चलनाचं मूळ आहे याची खात्री त्याने पटते.

पायरी ५: दोनदा लिलाव

वर्गाचे गट करा, म्हणजे कुणी एकटं मूल हरल्यासारखं होत नाही. प्रत्येक गटाला पाच बटणं द्या आणि तीन गोष्टींचा लिलाव करा: उद्याची गोष्ट निवडण्याचा हक्क, खेळाचं साहित्य आधी घेण्याचा हक्क, आणि भिंतीवरच्या फलकावर आठवडाभर चित्रं लावण्याचा हक्क. कोणती गोष्ट कितीला गेली ते फळ्यावर लिहा आणि सगळी बटणं परत घ्या.

पुढच्या वेळी त्याच तीन गोष्टी, पण प्रत्येक गटाला दहा बटणं. मुलं खूश होतात. लिलाव संपल्यावर दोन्ही वेळचे भाव शेजारी शेजारी मांडा. बोली चढलेली असते, बहुधा दुपटीच्या आसपास. "बटणं दुप्पट झाली, मग गोष्टी जास्त का नाही मिळाल्या?" सरकार सगळ्यांना खूप पैसे छापून का देत नाही, हा प्रश्न मुलं कधी ना कधी विचारतातच. त्याचं उत्तर त्यांच्या समोरच्या फळ्यावर असतं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर एक पाऊल पुढे जाता येतं. निम्म्यांना विक्रेत्याची कार्डं द्या ('४ बटणांपेक्षा कमी घेऊ नकोस'), निम्म्यांना ग्राहकाची ('७ पेक्षा जास्त देऊ नकोस'), प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि गुप्त. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने लावायची. काही फेऱ्यांत भाव एका आकड्याभोवती जमू लागतो, आणि तो कुणीच ठरवलेला नसतो. अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी असा बाजार हार्वर्डच्या वर्गात भरवून १९४८ साली त्यावर लिहिलं. त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी पुढे उघड बोलीचा नियम आणला आणि १९६२ साली आपले निष्कर्ष मांडले. प्रायोगिक अर्थशास्त्रातल्या कामासाठी स्मिथ यांना २००२ साली नोबेल मिळालं. मुळात हा वर्गातलाच खेळ आहे.

पायरी ६: एकट्याने आणि साखळीने

घडी घालणं, स्टेपल मारणं, मुखपृष्ठावर चित्र, नाव लिहिणं: अशा चार कामांची छोटी वही. आधी पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने पूर्ण वह्या करायच्या, मग पाच मिनिटं चौघांच्या साखळीत. फक्त नीटनेटक्या वह्या मोजा. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचं वर्णन केलं आहे: सुमारे १८ कामं, दहा माणसं आणि दिवसाला ४८,००० टाचण्या, तर एकट्याला दिवसभरात कदाचित २०सुद्धा जमल्या नसत्या. साखळी कुठे तुंबते तेही दाखवा, बहुधा चित्र काढणाऱ्यापाशी ढीग साचतो. आणि कंटाळा कोणाला आला, हे विचारायला विसरू नका.

पायरी ७: सगळ्यांचं भांडं

चौघांच्या मध्ये १६ मण्यांचं भांडं ठेवा. हवे तितके मणी उचलायचे. फेरी संपल्यावर भांड्यात उरतील त्यांची शिक्षक दुप्पट करणार, पण १६ च्या वर नाही. अशा पाच फेऱ्या. पहिल्या वेळी बोलायला मनाई करा. बहुतेक गटांत भांडं पहिल्याच फेरीत रिकामं होतं आणि खेळ तिथेच संपतो, चौघांत मिळून १६ मणी.

दुसऱ्या वेळी आधी तीन मिनिटं बोलू द्या. प्रत्येकाने दोन-दोनच घेतले तर आठ उरतात, त्यांचे पुन्हा सोळा होतात. पाच फेऱ्यांत ४० मणी मिळतात, आणि शेवटच्या फेरीत भांडं रिकामं केलं तर ४८. गटांनी काय नियम केले आणि मोडणाऱ्याचं काय करायचं ठरवलं, ते लिहून घ्या. सामाईक साधनं लोक आपापसांत नियम करून टिकवू शकतात, हे जगभरातल्या उदाहरणांतून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

पायरी ८: आज एक की शुक्रवारी दोन

प्रत्येकाला विचारा: आज एक स्टिकर की शुक्रवारी दोन? निवड नोंदवा, कारण विचारा आणि शुक्रवारी न चुकता द्या. थांबणारं मूल गुणी आणि न थांबणारं उतावीळ, असा शिक्का मारू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्यांनी आधी दिलेला शब्द पाळलेला पाहणारी मुलं जास्तीच्या खाऊसाठी सरासरी सुमारे १२ मिनिटं थांबली, आणि शब्द मोडलेला पाहणारी अवघी ३ मिनिटं. बचत भरवशावर उभी असते, आणि वर्गात तो भरवसा शिक्षकाने निर्माण करायचा असतो.

काय टाळावं

खरे पैसे वर्गात आणू नका. घरी किती येतात, काय घेतात हे विचारू नका, उदाहरणादाखलसुद्धा नाही. स्वच्छतागृह, पाणी, मधली सुट्टी यांना बटणांची किंमत कधीही लावू नका. 'गरज की चैन' असे दोन ढीग करायचा लोकप्रिय खेळही मला पटत नाही, त्यात मुलं एकमेकांच्या घरचं तोलू लागतात. त्याऐवजी चित्रकार्डं एका रांगेत लावायला सांगा, आधी काय आणि नंतर काय, आणि दोन वेगळ्या रांगा शेजारी शेजारी तशाच राहू द्या.

समजलं की नाही हे कसं कळेल

व्याख्या विचारू नका. एक नवा प्रसंग द्या: ग्रंथालयात एक पुस्तक आहे आणि ते पाच जणांना आजच हवंय. वाटपाच्या दोन पद्धती सांग, आणि प्रत्येकीत कोण राहील तेही सांग. ज्याने फक्त पद्धती सांगितल्या त्याला पहिली पायरी पुन्हा करू द्या. ज्याने राहणाऱ्याचंही सांगितलं तो पुढच्या पायरीला तयार आहे. आणि एखादा विचारेल, "त्यातला कुणी आपलं दुसरं पुस्तक देऊन पहिला नंबर घेऊ शकतो का?" त्याला बाकीच्या चौघांकडे पाठवा आणि ते काय म्हणतात ते वर्गाला ऐकवायला सांगा.